शून्याच्या जागी लिहिलेले आकडे

मुशी म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा लहान शार्क. तिची मोजणी करणं हे माझं काम. ठरलेल्या दिवशी बोईसरहून तारापूरच्या बाजूच्या एका बंदरावर जायचं, बोटी लागल्या की पाट्यांमधल्या मुशी मोजायच्या, नाकापासून शेपटीपर्यंत टेप लावायची, तक्ता भरायचा. वर्षानुवर्षं त्याच बंदरावर मोजत राहिलं, तरच कळतं की मासा टिकून आहे की संपत चाललाय. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नकळत झालं, असं म्हणायची सोय नाही.

बंदरावर लिलाव पुकारणारी एक मावशी. मी टेप काढली की ओरडायची, "आला आमचा शिंपी! आज मुशीला झबलं शिवतोस का चड्डी?" बायका खिदळायच्या. पण पाटी पुढे सरकवायची तीच. पोटात पिल्लं असलेली मादी निघाली की वेगळी ठेवायची. "ही बग. ह्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी येतात विवायला."

मग एका मोजणीच्या दिवशी सगळ्या पाट्या पाहिल्या, एकही मुशी नाही. मी तक्त्यात शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी कचेरीतून साहेबांचा फोन. "बंदरावर गेला होतास का रे? मागच्या वर्षी याच महिन्यात एकोणीस आहेत. शून्य कसं येईल?" मी गेलो होतो. उन्हात तीन तास उभा होतो. तरी "बघतो सर" म्हणालो, आणि शून्य खोडून चौदा केले.

कुणी काही विचारलं नाही. चौदाला कुणी कधीच काही विचारत नाही. पुढच्या शून्याला मी फोनची वाटही पाहिली नाही. नंतर नंतर तर बंदरावर जाणंच सोडलं. बोईसरजवळ बेटेगावला माझ्या खोलीत पंख्याखाली मागच्या वर्षीचा तक्ता उघडायचा, दोन कमी, एक जास्त. लांबीसुद्धा लिहायचो, सेंटिमीटरमध्ये. नसलेल्या माशांची लांबी! लाज वाटायची ती तेवढ्यापुरती, चहा होईपर्यंत. अशी सहा वर्षं.

मग पालघरला ती बैठक झाली. गावच्या बायकांची मागणी साधी होती: पिल्लांच्या महिन्यांत खाडीच्या तोंडाशी मोठ्या बोटींना बंदी घाला. मावशी उभी राहून म्हणाली, "मुशी नाय राह्यली, सायब. आमी रोज बगतो." साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला. सरळ, शांत रेघ. "आकडे स्थिर आहेत, बाई. भावनेवर निर्णय होत नाहीत."

ती रेघ माझी होती. पंख्याखाली काढलेली.

मावशीने वळून मला शोधलं. "ह्यो शिंपी सांगंल. ह्याला सगलं म्हाईत हाय. सांग रं."

सगळी सभा माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "आकडे कार्यालयात आहेत, मावशी."

बंदी झाली नाही. त्या हंगामातही मोठ्या बोटी खाडीच्या तोंडावरून जाळी ओढत गेल्या. साहेबांचा राग येतो, अजून येतो, शून्य म्हणजे माणसाचा आळस असं समजणाऱ्या त्या अख्ख्या कचेरीचा येतो. पण चौदा त्यांनी लिहिले नव्हते. माझ्या अक्षरात आहेत ते.

यंदा बंदरावर जाऊन मावशीला सगळं सांगितलं. शिव्या घालेल असं वाटलं होतं. तिने कोयता धुतला, बाजूला ठेवला. "मला कशाला सांगतोस? मुशी नाय ते मला म्हाईतच व्हतं. ज्यांला तुजा कागद खरा वाटला, त्यांला सांग."

मी महिन्यांची यादी केली, कोणता आकडा खरा, कोणता घरी बसून भरलेला, आणि सहीनिशी कचेरीत दिली. साहेब भडकले. "वेड लागलंय का? सहा वर्षांची नोंद रद्द होईल! बंदीचं प्रकरण पुन्हा उघडेल!" म्हटलं, उघडू दे. पहिल्यांदाच त्यांच्यासमोर माझा आवाज चढला. नोकरीचं काय होईल ते अजून कळलेलं नाही.

तोवर मोजणी माझ्याकडेच आहे. परवा बोटी लागल्या, सगळ्या पाट्या पाहिल्या. मावशी शेजारी येऊन तक्त्यात डोकावली. मी शून्य लिहिलं.

"एवडुसं?" ती म्हणाली. "मोटं काड. सायबाला दिसलं पायजे."