धरणावर हरणारा क्लब

रोमानियाची राजधानी मला पाठ होती. स्पर्धा परीक्षेत सहा वर्षं घालवलेल्या माणसाला जगातल्या सगळ्या राजधान्या पाठ असतात आणि त्यांचा त्याला काडीचा उपयोग नसतो. पण त्या देशात कारखान्यांचे फुटबॉल क्लब होते आणि त्यातले कितीतरी बंद पडले, हे मला सडक अर्जुनीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून कळलं.

काम असं होतं. पुण्यातली एक कंपनी खेळांच्या इतिहासाचं संकेतस्थळ मराठीत करत होती. त्यांना घरबसल्या लिहिणारी माणसं हवी होती. मला वाटलं होतं क्रिकेट मिळेल. क्रिकेट पुण्याच्या लोकांनी आपसात वाटून घेतलं होतं. माझ्या वाट्याला आले बंद पडलेले क्लब, तेही रोमानियाचे. यादी वाचून मी मोठ्यानं हसले. म्हटलं, काम अगदी बरोबर पत्त्यावर आलंय.

कारण मी स्वतः पुण्याहून परत आले होते ती फक्त दोन महिन्यांसाठी. आई गेली तेव्हा आले. त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. पूर्वपरीक्षा चार वेळा निघाली, मुख्य चारही वेळा अडली आणि मग वयाची मर्यादा उलटली. कुणी विचारलं की आता पुढे काय, तर माझं उत्तर तयार असायचं. बाबांना एकटं कसं सोडणार?

बाबा नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, खात्यात चौकीदार होते. इटियाडोह धरणाच्या नहरावर त्यांची तीस वर्षं गेली. कोणत्या गेटचं चाक किती फिरवलं की केशोरीकडच्या धानाला पाणी किती वेळात पोचतं हे ते अजून झोपेतून उठवलं तरी सांगतील. निवृत्त झाले, पण पहाटे माझ्याआधी उठतात, स्वतःचे कपडे स्वतः धुतात, भात माझ्यापेक्षा चांगला रांधतात आणि रोज सायकल काढून हायवेवरच्या कोहमाऱ्याच्या चौकापर्यंत चक्कर मारून येतात. तिथे चहा घेतात, कोणता ट्रक रायपूरला चालला, कोणता नागपूरला, ते बघतात आणि परत येतात.

मी मात्र घरातच असायचे. हायवे आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दिवसभर गाड्यांचा आवाज आणि त्यातली एकही गाडी माझी नाही. मला कोंडल्यासारखं व्हायचं. कधी कधी इतकं की मी उगाच भांडी आपटायचे आणि बाबा बाहेरून विचारायचे, "का झालं?" मी म्हणायचे, "काही नाही." मनातून मी त्यांच्यावर चिडलेली असायचे. ह्या माणसापायी मी अडकून पडले, असं मला खरोखर वाटायचं.

तर हा क्लब. एका लहान गावातल्या कापड गिरणीचा. त्याच्या नावाचा उच्चार मला आजही जमत नाही, म्हणून सोडून देते. गिरणीतले लोक पाळी संपली की खेळायचे. त्या काळी तिथे वरपासून खालपर्यंत अ, ब, क अशा तीन पायऱ्या होत्या आणि त्याखाली जिल्ह्याची स्पर्धा. हा क्लब जिल्ह्यातून 'क'मध्ये चढला, एकदा 'ब'मध्ये गेला, एकाच वर्षात खाली आला आणि मग वर्षानुवर्षं 'क'मध्येच रुतून बसला. गटात पहिला यायचा, पण वर जायचा नाही. का जायचा नाही, ते मी मन लावून लिहिलं होतं. तो दर वेळी धरणावर हरायचा.

रोमानियन मला येत नाही. कंपनी तिकडच्या जुन्या वर्तमानपत्रांतली कात्रणं थोडी थोडी पाठवायची, मी ती यंत्राकडून भाषांतर करून घ्यायचे आणि त्यावरून लिहायचे. यंत्र म्हणालं, संघ धरणावर हरला. मी म्हटलं, असेल धरण. आमच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ह्यात नवल वाटायचं कारणच नाही. आमच्याकडे लग्नाची बोलणी धरणावर होतात, शाळेची सहल धरणावर जाते, मग तिकडचे सामने धरणावर झाले तर बिघडलं कुठे?

लिहिलेलं तपासायला मी ते मोठ्यानं वाचायचे. पहिल्या दिवशी बाबा दारात बसून सायकलची साखळी साफ करत होते. धरण हा शब्द ऐकला आणि त्यांचा हात थांबला.

"धरणावर कायले खेळतात?"

"मला काय माहीत? खेळतात."

"वरच्या अंगाले का खालच्या?"

"तसं दिलेलं नाही."

त्यांनी बराच विचार केला. "खालच्याच अंगाले असन," म्हणाले. "पाझराचं पानी येते तिथं. जमीन वरून सुकी दिसते, पाय ठेवला का फसते. गिरनीतल्या पोरायले का मालूम थे? त्यायचं मैदान पक्कं असन. म्हनून हारतात."

मला ते इतकं पटलं की मी एक वाक्य वाढवलं: 'धरणाच्या पायथ्याशी असलेल्या, पाझरामुळे ओलसर राहणाऱ्या मैदानाची सवय नसल्याने संघाला पराभव पत्करावा लागे.' आणि दिलं पाठवून.

त्या दिवसापासून बाबा त्या क्लबाचे झाले. चक्कर मारून आले की विचारायचे, "आज का झालं त्यायचं?" मी वाचायचे. जिंकले की मांडीवर थाप मारायचे, धरणाचा सामना आला की हळहळायचे. मी त्यांना किती वेळा सांगितलं की हा क्लब कधीच बंद पडलाय. ते म्हणायचे, "पडन तवा पडन. तू वाच."

मग पुण्याच्या मॅडमचा फोन आला. आमचं लिखाण त्या तपासायच्या. आवाजावरून चाळिशीच्या असाव्यात, बोलणं स्वच्छ आणि नेमकं.

"हे धरण कुठलं हो?" त्यांनी विचारलं.

मी माझं पाझराचं सगळं समजावून सांगितलं. मग त्या हसल्या, पण तोडून टाकणारं हसणं नव्हतं ते. मूळ शब्द 'बराज'. त्याचा अर्थ धरण होतोच, पण फुटबॉलमध्ये त्याचा अर्थ, वरच्या श्रेणीत कोण जाणार हे ठरवणारा सामना. धरण कुठेच नव्हतं. पाणी नव्हतं, पाझर नव्हता, ओल नव्हती. मी तोंडघशी पडले होते, तेही बाबांच्या तीस वर्षांच्या अनुभवासकट.

बाबांना सांगितलं तर त्यांना त्यात काहीच चुकीचं दिसेना. "म्हंजे पुढं जाऊ देत नाही थोच सामना ना? मंग धरण लिहिलं त का बिघडलं?"

मला अभ्यासिकेतली माझी खुर्ची आठवली, निकालाच्या दिवशी फोनवर वरखाली सरकणारी यादी आठवली. त्या गिरणीवाल्यांची मला तेव्हा फार दया आली. खरं म्हणजे माझीच आली, त्यांचं निमित्त झालं.

मला वाटलं होतं काम जाईल. उलटंच झालं. आठवड्याभरानं मॅडमनी पुन्हा फोन केला. पुण्याच्या कार्यालयात तपासनिसाची एक जागा निघाली होती, कायमची. "तुमचं धरण आम्ही सगळ्यांनी वाचलं," त्या म्हणाल्या, "खूप हसलो. पण तुम्ही लिहिता छान. एक तारखेला या. चार दिवसांत कळवा."

हे मी तीन वर्षं मागत होते. जिच्यावाचून मी भांडी आपटत होते ती गोष्ट आपणहून चालत आली होती. मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. पहिले तीन दिवस मी काहीच केलं नाही. पुणे म्हटलं की मला त्या मुली दिसायला लागल्या ज्यांच्याबरोबर मी एका खोलीत राहिले होते आणि ज्या आता साहेब झाल्या होत्या. त्यातली एखादी रस्त्यात भेटेल, विचारेल, तुझं काय? आणि ही नोकरीही नाही जमली तर? पुन्हा घरी येताना सांगायला काय उरेल? मला भीती वाटली. दुसरा शब्द नाही त्याला.

चौथ्या दिवशी मी मॅडमना लिहिलं: वडील आजारी आहेत, अंथरुणाला खिळले आहेत, त्यांना सोडून येणं शक्य नाही. अंथरुणाला खिळलेले माझे वडील त्या वेळी सायकलवर कोहमाऱ्याला गेले होते. संदेश गेला. मी फोन उलटा ठेवला आणि डाळीला फोडणी दिली.

आता गंमत बघा. त्याच दिवशी बाबांसमोर वाचायला जे कात्रण निघालं त्यात क्लब धरणावर जिंकला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाबा उठून उभेच राहिले.

"जितले?"

"जिंकले. दोन शून्य."

"मंग आता वर जातीन."

मी पुढचं वाक्य वाचलं. क्लबानं वरची जागा नाकारली होती. लांबचे प्रवास झेपणार नाहीत, मैदान त्या दर्जाचं नाही, अशी कारणं दिली होती. जागा दुसऱ्या संघाला दिली गेली.

बाबा खाली बसले. "नाही म्हनले? जितून?"

"हो."

"जाचंच नोहोतं त मंग इतके वर्सं खेळले कायले? काऊन नाही म्हनले?"

"मले कायले विचारून राहिले?" मी ओरडले. पुण्यात कमावलेली माझी भाषा अशा वेळी साफ गळून पडते. "मी होती का तिथं? मी सांगतलं का त्यायले, नका जाऊ म्हनून?"

ते सायकलकडे वळले. दोन दिवस आमच्यात जेवणापुरतंच बोलणं झालं.

पुढचा इतिहास मी मनातल्या मनात वाचून उरकला. तिकडे राज्य बदललं, गिरणी विकली गेली, पायऱ्यांची नावंही बदलली, अ, ब, क जाऊन आकडे आले. क्लब घसरत घसरत पुन्हा जिल्ह्यात पोचला. शेवटच्या वर्षी अर्ध्यातून त्यानं नाव काढून घेतलं आणि उरलेले सगळे सामने न खेळताच शून्य तीन असे नोंदले गेले. बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "चालू आहे अजून." खोटं बोलायची मला सवय लागत चालली होती.

शनिवारी सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. फोन पुढच्या खोलीत वाजला. बाबांनी उचलला. त्यांचा कानाला लावलेल्या फोनवर विश्वास नाही, ते स्पीकर लावूनच बोलतात. मॅडमचा आवाज अंगणापर्यंत आला.

"काका, तुम्हीच बोलताय का? तब्येत कशी आहे आता?"

मी ओले हात घेऊन धावले. दारात पोचले तेव्हा बाबा खोलीच्या मधोमध उभे होते, एका हातात फोन, दुसऱ्यात हवा भरायचा पंप.

"ती म्हणाली तुम्ही अगदी अंथरुणाला खिळून आहात. म्हणून राहवेना, म्हटलं एकदा विचारावं. सोमवारपर्यंत मी ती जागा कुणाला देत नाही. तुमच्याजवळ दुसरं कुणी राहू शकेल का हो? म्हणजे तिला पुण्याला येता येईल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, हातही हलवला नाही. नुसती उभी राहिले. मला वाटलं, आता हा माणूस खरं सांगून टाकेल आणि मी सुटेन. मला अजून कळत नाही की ते मला हवं होतं की नको होतं.

त्यांनी पंप भिंतीला टेकवला. खाटेवर बसले, मग पाय वर घेऊन आडवे झाले, जणू मॅडमना दिसणार होतं. आणि बारीक आवाजात म्हणाले, "हाव बाई. पडूनच आहो मी."

"अरेरे. आणि दुसरं कुणी?"

"कोनी नाही बाई. तिच्याबिगर माहं होत नाही." आणि खोकले. खोकला इतका वाईट जमला होता की एरवी मी हसले असते.

मॅडमनी काळजी घ्या म्हटलं आणि फोन ठेवला. बाबा उठले, पंप घेतला आणि चपला पायात सरकवल्या. रागावले नव्हते. मी शोधत होते राग त्यांच्या चेहऱ्यावर, पण तो नव्हताच.

"मले सांगून ठेवजो," ते म्हणाले. "किती दिवस आजारी राहाचं आहे थे."

ती जागा मंगळवारी दुसऱ्या कुणाला दिली गेली. मी अजून घरूनच लिहिते, सध्या दुसऱ्या एका देशाचे बंद पडलेले क्लब चालू आहेत. ह्याला आता आठ महिने होत आले, आणि किती दिवस, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. माझ्या फोनवर पुण्याकडचा नंबर वाजला की ते हातातलं काम खाली ठेवतात आणि गुपचूप खाटेवर जाऊन पडतात.