बांधून ठेवलेलं झाड

आमच्या व्याह्यांसारखा व्याही सबंध महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही, आणि त्याचं पहिलं कारण म्हणजे ते महाराष्ट्रातले नाहीतच. सव्वासहा फूट उंची, पायांत बारा महिने गमबूट, डोक्यावर कुठल्याशा ट्रॅक्टरवाल्यानं फुकट वाटलेली टोपी, आणि तोंडातून शब्द म्हणाल तर दिवसाकाठी पंधरा-वीस. अमेरिकेत, मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरीपासून दीड तासावर त्यांची ख्रिसमस ट्रींची शेती आहे. मका धरेना अशा एका उतारावर त्यांच्या आजोबांनी फरची झाडं लावून पाहिली, ती धरली, आणि तेव्हापासून हे घराणं नाताळची झाडं विकतं. आजोबा, वडील, हे, आणि आता आमचा जावई. तो आठवडाभर मिनिआपोलिसच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसतो आणि शनिवार-रविवार झाडं छाटतो. "मुलाकडच्यांची झाडांची शेती आहे," असं मुलीनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या सांगलीकडचा द्राक्षमळा आला होता. "काय लागतं गं त्या झाडांना?" मी विचारलं. "नथिंग, बाबा. लोक घरात उभी करतात आणि जानेवारीत फेकून देतात." आठ-दहा वर्षं झाड वाढवायचं आणि ते लोकांनी महिन्याभरात फेकायचं! असला धंदा करणारा माणूस एक तर संत असणार नाही तर अर्धवट, असं मी बायकोला म्हटलं. लग्नाला बारा वर्षं झाली, माझा निर्णय अजून व्हायचाय.

व्याही म्हटलं की आपल्याकडे मुलीचा बाप आधीच हात जोडून उभा राहतो. कधी कुठल्या मानपानावरून रुसून बसतील याचा नेम नाही. मीही सगळी तयारी ठेवली होती. लग्नात त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं. शाल त्यांनी मफलरसारखी गळ्याभोवती गुंडाळली आणि नारळ दोन्ही हातांत असा धरला, की जणू मी त्यांच्या हातात तान्हं मूल दिलंय. पुढे फेब्रुवारीत त्यांच्याकडे जेवायला गेलो तर स्वयंपाकघरात दक्षिणेच्या खिडकीशी एक बादली, बादलीत माती, मातीत अर्धा पुरलेला माझा नारळ! शेंडी वर. शेजारी थर्मामीटर. शेतकरी माणूस, समारंभात दिलेलं बी म्हणजे लावण्यासाठीच दिलं असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. "किती दिवसांत येतो?" त्यांनी विचारलं. सोललेला नारळ जन्मात उगवत नाही, हे सांगायला माझी जीभ रेटेना. "वेळ लागतो जरा," मी म्हणालो. "वेळ आहे," ते म्हणाले. तीन हिवाळे ती बादली तिथे होती. शेवटी विहीणबाईंनी ती बाहेर काढली, तेव्हा या गृहस्थांनी मला मुद्दाम फोन केला. "सॉरी. तुम्ही दिलेलं झाड मला जगवता आलं नाही." आता बोला! मानपानाची इतकी काळजी घेणारा व्याही तुम्ही पाहिलाय का कधी?

'व्याही' या शब्दावर मात्र ते बेहद्द खूश आहेत. इंग्रजीत या नात्याला शब्दच नाही, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आठवडाभर त्यांनी त्यावर विचार केला असावा, कारण पुढच्या शनिवारी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी जाहीर केलं, "हा माझा व्याही." म्हणजे काय, असं कुणीही विचारलं नाही. मिनेसोटात कुणी काही विचारत नाही. कौतुकाचंही तसंच. आमच्या हिनं पहिल्यांदा पुरणपोळ्या करून वाढल्या, त्यांनी सहा खाल्ल्या आणि हात पुसत म्हणाले, "नॉट बॅड." झालं! ही दोन दिवस घुश्शात. शेवटी जावयानं समजूत काढली, "आई, डॅडनी ऑनेस्टली माझ्या ग्रॅज्युएशनलाही एवढं म्हटलं नव्हतं."

झाडं विकण्याची त्यांची तऱ्हा पाहिलीत तर हे घराणं तीन पिढ्या तगलं कसं, असा प्रश्न पडेल. गिऱ्हाईक आलं की पहिला सवाल, "छत किती उंच?" लोक ठोकून देतात, दहा फूट, बारा फूट. मोकळ्या रानात झाड लहान दिसतं, घरात नेलं की शेंडा छताला टेकून वाकतो, आणि वाकलेला शेंडा आमच्या व्याह्यांना सहन होत नाही. "मोजून या," म्हणतात आणि पाठ फिरवतात. एकदा आमच्या मराठी मंडळातलं एक तरुण जोडपं मी मोठ्या ऐटीत घेऊन गेलो. नवं घर, दोन मजल्यांइतका उंच हॉल, झाड बारा फुटी हवं. छत त्यांनी मोजून आणलं होतं, म्हटलं जिंकलो. तर व्याह्यांचा पुढचा सवाल, "पाणी कोण घालणार?" तो मुलगा बिचारा खरं बोलून गेला, "ॲक्च्युअली, वीस तारखेला आम्ही इंडियाला चाललोय." खलास. "प्लॅस्टिकचं घ्या," व्याही म्हणाले. "काका, तुम्ही सांगा ना त्यांना!" ती मुलगी माझ्यामागे. "यार, आपण घेतोय ना, मग यांना काय प्रॉब्लेम आहे?" तो तिच्यामागे. मी काय सांगणार, कपाळ! अशा सगळ्या परत धाडलेल्यांना विहीणबाई कोठारातल्या दुकानात बसवून गरम कोको पाजायच्या, त्यांची मुलंबाळं विचारायच्या आणि मागच्या दारानं लहानसं झाड देऊन वाटेला लावायच्या. विहीणबाई ठेंगण्या, गोऱ्यापान आणि अखंड बोलणाऱ्या. नवऱ्याच्या वाटणीचेही शब्द त्याच वापरत असाव्यात.

ऑक्टोबरपासून लोक येतात, झाड पसंत करतात, त्याला रिबन बांधून जातात आणि डिसेंबरात येऊन तोडून नेतात. व्याह्यांच्या लेखी रिबन बांधणं म्हणजे साखरपुडा. एकदा बांधलेल्या झाडाकडे दुसऱ्या कुणी वाकड्या नजरेनं बघायचं नाही. आणि इथेच आमच्या घरचा घोटाळा झाला. मिनेसोटात वड कुठून आणणार? त्यामुळे आमच्या सौभाग्यवतींनी कित्येक वर्षं वटपौर्णिमा दिवाणखान्यातल्या रबराच्या झाडावर भागवली होती. "वडाच्याच कुळातलं आहे ते," असं तिचं समर्थन. पण मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या जूनमध्ये व्याह्यांकडे गेलो, समोर ही उतारभर झाडं, आणि हिला राहवेना. रस्त्याकडेचं सात फुटी, देखणं फर तिनं निवडलं, हळदकुंकू वाहिलं आणि सात फेरे घालून पांढरं सूत गुंडाळलं. व्याही लांबून बघत होते. अर्थात, विचारलं नाही.

नोव्हेंबरात त्यांचा फोन. "तुमचं झाड तयार आहे. कधी येताय? दोन गिऱ्हाइकांना नाही म्हणालोय." कुठलं झाड? मी धावत गेलो. बर्फात ते झाड उभं, बुंध्याला मळलेलं सूत, आणि शेजारी हातात करवत घेऊन आमचे व्याही. आता एकाहत्तराव्या वर्षी मला काही सांगायची लाज वाटत नाही, पण तेव्हा वाटली. कसंबसं समजावलं, की हे तोडण्यासाठी नाही हो, माझी बायको दरवर्षी असं सूत बांधते, नवऱ्याला दीर्घायुष्य मिळावं म्हणून. आणि सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून.

"हाच?" व्याह्यांनी विचारलं.

"हो."

"तिला चालतं?"

"तीच मागते."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग करवत काखेत मारली. "मग हे तोडायचं नाही," म्हणाले आणि चालू लागले.

ते झाड आता कोठाराच्या छपराला भिडलंय. त्याच्या सावलीनं शेजारच्या दोन ओळी खुरटल्या, गवत कापताना ट्रॅक्टर वळवून घ्यावा लागतो, जावई दर वर्षी म्हणतो, "डॅड, इट हॅज टु गो." व्याह्यांचं एकच उत्तर, "तिथे एक इंजिनियर बांधलाय." इंजिनियर म्हणजे अस्मादिक. दर जूनला ही जाते, सूत गुंडाळते. मला आपलं उगीचच सुरक्षित वाटायचं.

या सगळ्या शेतीचा खरा जीव मात्र मे महिन्यातल्या लागवडीत. जेवढी झाडं तोडली तेवढी रोपं परत लावायची. व्याही पुढे, सपाट पात्याची पहार मातीत खुपसून फट पाडत. विहीणबाई मागे, फटीत वीतभर रोप सोडून टाचेनं माती दाबत. फट, रोप, टाच. लग्न झाल्यापासून दोघांनी हे काम तिसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पोटच्या मुलाला "मुळं दुमडतोस" म्हणून हाकललं, मला तर पहार हातात घेतल्याबरोबरच हाकललं. आणि ओळी अशा सरळ, की एका टोकाशी उभं राहिलं तर दुसरं झाड दिसू नये.

गेल्या वर्षी जानेवारीत विहीणबाईंना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. जीव वाचला, बोलणं एकेक शब्द करून परत येऊ लागलं, पण उजवा हात आणि पाय आलेच नाहीत. व्याह्यांनी कुणाला न विचारता रोपांची ऑर्डर कॅन्सल केली. जावई हादरला. एक वर्ष लागवड चुकली तर दहा वर्षांनी एका नाताळात विकायला काही नसणार, हे तर होतंच. पण खरी भीती वेगळी होती: यंदा नाही म्हणालेला बाप पुढच्या वर्षी तरी हो कशाला म्हणेल? दरवर्षी झाडं तोडायची आणि लावायची नाहीत, म्हणजे आजोबांचा उतार हळूहळू मोकळा होत जाणार. "बाबा, तुम्ही बोला. डॅड लाइक्स यू," जावई म्हणाला. मी गेलो. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलून विषय काढला. "एकट्याचं काम नाही ते," व्याही म्हणाले, आणि उठून विहीणबाईंच्या औषधाची वेळ झाली म्हणून आत गेले. मे आला, गेला. तोडलेल्या झाडांच्या जागी नुसते खुंट.

जूनमध्ये आमची हिची जायची तयारी होईना. "त्यांच्या घरात असं दुखणं, आणि मी आपलं नवऱ्यासाठी सूत घेऊन मिरवू?" मीच आग्रह केला, गुपचूप उरकून येऊ म्हटलं. झाडाशी पोचलो आणि ही थबकलीच. बुंध्याला आधीच काहीतरी गुंडाळलेलं होतं. जाड केशरी सुतळी, विकलेली झाडं मोटारींच्या टपावर बांधतात ती. वर शेतकऱ्याची पक्की गाठ. हिनं वेढे मोजले. सात.

मागे व्याही येऊन उभे होते. टोपी हातात. त्यांना टोपीशिवाय मी लग्नानंतर प्रथमच पाहत होतो.

"ती हॉस्पिटलात होती तेव्हा बांधली," ते म्हणाले. "कमरेएवढं बर्फ होतं. मोजताना चुकलो, आठ झाले. मग एक सोडवला." माझ्याकडे नाही, हिच्याकडे बघून म्हणाले, "जून नव्हता, ते मला माहीत आहे. आणि हे बायकांनी करायचं असतं, तेही माहीत आहे. चालतं का?"

आमची ही म्हणजे तिथीवरून गुरुजींशी भांडणारी बाई. एकादशीला साबुदाण्यात चुकून हळद पडली तर सगळी खिचडी टाकून देणारी. तिनं डोळ्यांना पदर लावला. "चालतं, दादा," म्हणाली. "सगळं चालतं." मग आपलं पांढरं सूत तिनं त्या सुतळीवरूनच गुंडाळलं.

पण ही गप्प बसणारी नव्हे. तशीच घरात गेली आणि व्हीलचेअरवर बसलेल्या विहीणबाईंना तिनं सगळं सांगून टाकलं, बर्फ, सुतळी, सोडवलेला आठवा वेढा, सात जन्म, सगळं. विहीणबाईंचा अर्धा चेहरा हसू लागला. हसताहसता डोळे वाहू लागले. मग त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं नवऱ्याला जवळ बोलावलं आणि एकेक शब्द शोधत म्हणाल्या, "मला... बांधून ठेवलंस ना? मग... कामाला लाव."

लागवडीचं एक जुनं मशीन मिळतं. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं, खाली फाळ, वर बसायला खुर्ची; बसणाऱ्यानं फक्त रोप सरीत सोडायचं. जन्मभर व्याह्यांनी त्या मशीनला शिव्या घातल्या, ओळी वाकड्या येतात म्हणून. यंदा मे महिन्यात शेजाऱ्याचं तेच मशीन त्यांनी मागून आणलं, खुर्चीला उशी बांधली, पट्टा बांधला, आणि विहीणबाईंना उचलून बसवलं. ट्रॅक्टर असा चालवला की गोगलगाय पुढे जावी. त्या डाव्या हातानं रोप सोडायच्या, दर दहा पावलांवर हे मान वळवून त्यांच्याकडे बघायचे, आणि ज्या बाजूला मान त्या बाजूला ट्रॅक्टर! जावई रोपं पुरवत होता. आणि टाचेनं माती दाबायचं काम, बारा वर्षांच्या उमेदवारीनंतर, मला मिळालं.

ओळ संपली तेव्हा व्याही खाली उतरले. उतारावर ती कोवळी ओळ चांगली नागमोडी गेली होती. मी मनात म्हटलं, आता हे सगळं उपटायला लावणार. त्यांनी ओळीच्या टोकाशी उभं राहून एक डोळा मिटला आणि नेम धरावा तसं पाहिलं.

"नॉट बॅड," म्हणाले.

मिनेसोटात गळ्यात पडायची पद्धत नाही, म्हणून मी आपलं काहीतरी विचारलं, "तयार कधी होतील ही?"

"दहा वर्षांनी या," शहात्तर वर्षांचे आमचे व्याही म्हणाले. "येताना छत मोजून आणा."

घरी आल्यावर मी टेप शोधला, स्टुलावर चढलो आणि दिवाणखान्याचं छत मोजलं. आठ फूट भरलं. "हे काय चाललंय? पडाल की!" ही स्वयंपाकघरातून ओरडली. म्हटलं, "स्टूल धर जरा. व्याह्यांनी सांगितलंय."