काम भागूबाईनं आणलं

आईला मांडवात बोलावलं ते शेणानं सारवायला. सारवून झाल्यावर सरपंच म्हणाला, "आता पलीकडं हो. हितं बायका बसायच्यात."

म्हणजे माझी आई बाई नव्हती.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. शेवगाव तालुक्यातलं आमचं गाव. शाळेच्या पटांगणात गावच्या कर्तबगार बायकांचा सत्कार होता. मी नववीत. आवाज खणखणीत, म्हणून त्या बायकांची माहिती वाचायला हेडमास्तरांनी मला उभं केलं. कागद त्यांनीच लिहिलेला. आयत्या वेळी हातात दिला.

पहिल्या दोघींचं वाचलं. एकीनं देवळाला पायऱ्या बांधून दिलेल्या. एकीनं भजनी मंडळ काढलेलं. टाळ्या पडल्या. मग सरपंचाची आई. कागदावर होतं, 'यांच्याच खटपटीमुळे खडी फोडण्याचे काम सुरू झाले आणि गाव जगले.'

ते मी वाचलं नाही.

ते काम माझ्या आईनं आणलं होतं. आदल्या उन्हाळ्यात बौद्धवाड्यातल्या नऊ जणींना घेऊन ती शेवगावला चालत गेली. कचेरीच्या दारात तीन दिवस बसली. पाठीशी बांधलेली माझी धाकटी बहीण तिथंच तापानं फणफणली. परतीच्या वाटेवर गेली. आईनं तिला ओढ्याकाठी पुरलं. आठवड्यानं काम सुरू झालं. सरपंचाची आई तो सगळा उन्हाळा पुण्याला लेकीकडं होती.

मांडवाबाहेर आई उन्हात उभी होती. कोपरापर्यंत शेणाचे हात. मी थांबले तशी तिनं ओळखलं. मान हलवून नको नको म्हणायला लागली.

मी कागद खाली केला. म्हणाले, "हे खोटं हाय. काम माझ्या आईनं आणलं. भागूबाईनं. तिची पोर त्यात मेली."

सरपंच उठला. "बस खाली. कामावर घेतलं तेच लई झालं तुमाला."

"तुमी घेतलं न्हाई. आमी आणलं."

हेडमास्तरांनी दंडाला धरून मला खाली ओढलं.

घरी आईनं मारलं. मग मलाच पोटाशी धरून रडली. "काय केलंस पोरी? उद्या खायाचं काय?"

दुसऱ्या दिवशी मुकादमानं तिला हजेरीतून काढलं. त्या नऊ जणींतली एकही बोलली नाही. त्यांना तरी काय म्हणू? त्यांच्याही घरात पोरं उपाशी होती.

आई दोन कोसांवरच्या दुसऱ्या कामावर जायला लागली. शाळा सोडून मीही गेले. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. आई शेजारी बसून खडी फोडायची. माझ्याशी महिनाभर बोलली नाही.

तिनं मला माफ केलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही. पण त्या कामाची गोष्ट सांगायला गावात कुणीही उभं राहिलं, की मी समोर उभी राहणार. भागूबाईचं नाव घेणार. भाकरी काढून घेतली तरी घेणार.