नोकरी शाबूत असतानाचे धंदे

नोकरी गेल्यावर माणूस गप्प होतो. किस्से घडतात ते ती जाईल-जाईल म्हणून जीव टांगणीला लागलेला असतो तेव्हा! आमच्या तुमसरकडच्या राइस मिलमध्ये असे इतके साचले, की जुने चार जण भेटलो की सुरुवात कुठून करायची यावरच वाद होतो.

जनता सरकारचा काळ. मिलचे मालक दोघे सख्खे भाऊ, आणि त्यांचं आपसात बिनसलेलं. आज वाटणी होणार, उद्या कुलूप लागणार, अशी रोज नवी बातमी. वरवर आम्ही म्हणायचो, काही होत नाही! आतून जो तो दुसरा धंदा शिकत होता. तोही चोरून, कारण गावात आम्ही 'सर्विसवाले'. झाकली मूठ सव्वा लाखाची!

*

हेडक्लार्क धांडेबाबूंनी पोस्टानं होमिओपॅथीचा कोर्स लावला. कोणी शिंकलं की बाबू त्याला कोपऱ्यात नेऊन जीभ बाहेर काढायला लावायचे.

एकदा मी म्हटलं, मिल बंद होईल म्हणून छाती धडधडते, काही द्या.

बाबूंनी इकडेतिकडे पाहिलं. "त्याच्यावर गोळी असती तं मीच नसती खाल्ली काय?" म्हणाले, आणि टेबलाचा खण लावून घेतला.

*

बॉयलरवरचा मेश्राम बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला लागला. एकदा तापाचं कारण सांगून सुट्टी घेतली आणि लाल कोट चढवून वरातीत गेला. वरात निघाली मालकांच्याच भाच्याची! धाकटे मालक नाचत नाचत थेट त्याच्या पुढ्यात.

"काहून रे, तुले तं ताप होता ना?"

"हाव मालक," मेश्राम खालमानेनं म्हणाला, "फुकून काढून राहिलो."

मालक पोट धरून हसले. मेश्राम मात्र नंतर कितीतरी दिवस बॉयलरच्या मागं बसून एकटाच डबा खायचा.

*

वजनकाट्यावरचा तुकाराम सायकल दुरुस्ती शिकत होता. त्याच सुमारास मिलमधल्या सगळ्यांच्या सायकली पंक्चर व्हायला लागल्या, आणि तुकाराम त्या फुकटात काढून द्यायचा. आम्ही त्याला देवमाणूस म्हणायचो! शेवटी मुनीमजींनी त्याला स्टँडवर टाचणीसकट धरला.

बिचारा रडकुंडीला आला. म्हणे, हात बसायला पंक्चर तर पाहिजे ना!

*

आता माझं. मी बायकोकडून शिलाई शिकलो. ती गुरू म्हणून फार कडक. "बिलं फाडाले हात चालते, मंग काज कराले काहून नाही चालत?" असं रोज ऐकायचो.

त्याच दिवसांत आमच्या कुंदाची सोयरीक पवनीच्या एका गुरुजींच्या मुलाशी चालली होती. मुलगी पसंत होती, पण शेवटचा होकार यायचा होता; आम्ही अजून इवाई, म्हणजे व्याही, झालो नव्हतो. त्यांनी मागणी घातली होती ती मिलमधल्या बाबूच्या मुलीला. बाबू बाजारात चड्ड्या शिवतो हे कळलं असतं, तर पोरीचं काय झालं असतं? म्हणून तुमसर सोडून मी सुट्टीच्या दिवशी करडीच्या बाजारात जायचो. सायकलच्या कॅरियरवर हातमशीन, आणि तोंडाला डोळ्यांपर्यंत दुपट्टा. खरं सांगतो, चोरालाही एवढी लाज वाटत नसेल.

करडीला गुरुजींची बहीण दिलेली आहे, हे मला कोण सांगणार!

एका बाजाराला समोर धोतर उभं राहिलं. वर पाहिलं तर गुरुजी! हातात पांढरं कापड. म्हणाले, सदरा शिवायचा आहे, माप घ्या. पळायला जागा नव्हती, आणि बोललो तर आवाज ओळखतील. दुपट्टा आणखी वर ओढला आणि उठलो. खांदा घेतला, बाही घेतली. छाती राहिली. टेप पाठीमागून आणायला दोन्ही हात त्यांच्याभोवती घातले. दुपट्टा डोळ्यांवर आलेला, टेपची टोकं जुळेनात, आणि माझं डोकं त्यांच्या खांद्याला टेकलेलं.

गुरुजी माझ्या कानाशी वाकले. आजूबाजूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "मांडवातली भेट बाजारातच घेऊन राहिले काय, इवाई?"