साहेबांची गोपनीय माहिती आणि उकडलेला सुरण

खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात टायपिस्ट होते. ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल, तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर आला. कामगारांना पंखा नव्हता, पण त्याच्यासाठी एसीची खोली झाली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. साहेबांनी नारळ फोडला, यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि कुंकू बटणांत सांडलं म्हणून शिपायाला झापलं.

"आता सगळ्यांची माहिती तिजोरीत गेली समजा," साहेब म्हणाले. "पगार, जात, आजारपण, सगळं. पासवर्डशिवाय ब्रह्मदेवालाही दिसायचं नाही."

ब्रह्मदेवाचं ठाऊक नाही, पण पासवर्ड साहेब स्वतःच विसरत. मग केबिनमधून ओरडत, "अहो, काय ठेवला होता आपण?" मी बाहेरून तेवढ्याच जोरात सांगे, "मोरया, साहेब!" एकदा तर माझ्याआधी कँटीनच्या चहावाल्यानंच सांगून टाकलं.

या तिजोरीतून रोज कागद बाहेर पडत. लांबलचक, दोन्ही कडांना भोकं असलेले. एक रकाना चुकला की सगळा गठ्ठा पुन्हा छापायचा. साहेब काटकसरी. चुकलेले गठ्ठे त्यांनी स्टाफला वाटायला सुरुवात केली. "मागची बाजू कोरी आहे. न्या घरी, मुलांना गणितं करायला होतील." म्हणजे माहिती यंत्रात कडीकुलपात आणि कागदावर घरोघर. आमचा स्टोअरकीपर सगळ्यांत मोठा गठ्ठा सायकलला बांधून नेई. त्याला मुलंही बरीच होती.

याच स्टोअरकीपरच्या कर्जतच्या घरी, मागच्या खोलीत, आमची टेलिफोन ऑपरेटर भाड्याने राहायची. माझी मैत्रीण. तिचं गाव कडावच्या पलीकडे, आणि पहिल्या पाळीला तिथून एसटी नव्हती. वडिलांनी छप्पन्नच्या पाठोपाठ बौद्ध धम्म घेतलेला. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही कळत नसे. तिनं कधी लपवलं नाही. कंपनीनं विचारलं तिथं तिनं ठळक अक्षरात लिहिलं होतं. घरमालकानं विचारलंच नव्हतं.

घरमालकीण रोज संध्याकाळी तिला वाटीभर भाजी देई. एका आठवड्यात वाटी बंद झाली. मग नळावर तिची बादली बाजूला सरकवली जाऊ लागली. मग एक दिवस मालकीण दारात उभी राहून म्हणाली, "आमचा दीर येनार हाय गं. खोली लागंल."

"कधी येणार?"

"येल तवा येल. तू बघ कुठं."

ओटीवर मुलांच्या भागाकाराचे कागद पसरले होते. मैत्रिणीनं एक उलटा करून पाहिला. ऑपरेटर, तिचं नाव, वय, पगार, आणि पुढे 'बौद्ध'. त्या शब्दाखाली कुणीतरी पेन्सिलनं रेघ ओढली होती. घरमालकाचा अभ्यास चालू होता तर. तिनं तो कागद घेतला. खालचेही दोन-चार घेतले.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये आली तेव्हा मी डिक्टेशन घेत होते. मी उठू लागले, तर ती म्हणाली, "बस तू."

तिनं आपला कागद पुढे ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. साहेबांनी चष्मा पुसला. "वाईट झालं. पण बाई, यात लपवण्यासारखं काय आहे? आपल्या कंपनीत आपण भेद मानत नाही."

"मीही लपवत नाही, साहेब. पण सांगायचं असेल तर मी सांगेन. तुम्ही का वाटता?"

"अहो, साधी माहिती ती! इतकं मनावर घ्यायचं नसतं."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं दुसरा कागद ठेवला. अधिकाऱ्यांच्या वैद्यकीय रजांचा. साहेबांचं नाव वरच होतं. पुढे रोगाच्या रकान्यात मूळव्याध, आणि मग शस्त्रक्रियेचा तपशील.

साहेबांचे कान लाल झाले. "हे... हे कुणी पाहिलंय?"

"माझ्या घरमालकिणीनं. तुम्हाला सुरण उकडून ताकाबरोबर खायला सांगितलाय. तिच्या भावाला गुण आला म्हणे."

मी वहीत मान घातली. शॉर्टहँडमध्ये हसण्याला चिन्ह नाही, नाहीतर ते काढलं असतं.

त्या दुपारी माझ्याकडून पत्रक टाइप करून घेतलं गेलं: कर्मचाऱ्यांची खाजगी माहिती ही पवित्र ठेव आहे, वगैरे. वाटलेले सगळे कागद परत मागवले. स्टोअरकीपरनं आपला गठ्ठा मुलांनी सोडवलेल्या भागाकारांसह सायकलवरून आणला. सगळं बॉयलरमध्ये गेलं. नवा पासवर्ड साहेबांनी माझ्या कानात सांगितला, आणि चार दिवसांनी केबिनमधून हाक आली, "अहो, काय ठेवला होता आपण?"

मैत्रिणीच्या खोलीचं काय, असं मी साहेबांना विचारलं. "तो घरमालकाचा खाजगी मामला," ते म्हणाले. "त्यात कंपनी कशी पडणार?" खाजगी या शब्दाची साहेबांना नुकतीच गोडी लागली होती.

दीर काही आला नाही. आम्ही दोघी मात्र दर रविवारी कर्जतमध्ये खोल्या पाहत हिंडलो. ज्या माहितीसाठी कंपनीनं एवढं यंत्र आणि एसी बसवला, ती इथल्या बायका दारात पाणी देता देता काढून घेत. "कोणापैकी गं तू?" मैत्रीण सांगे. मग कुणाचा भाचा यायचा असे, कुणाची नणंद. त्या वर्षी कर्जतला फारच पाहुणे येणार होते.

शेवटी रेल्वेतून निवृत्त होऊन वारलेल्या एका गार्डाच्या बायकोनं दार उघडलं. म्हातारी एकटीच. मैत्रिणीनं उंबऱ्याबाहेरूनच सुरुवात केली. "आधीच सांगते आजी. आम्ही बौद्ध. नंतर कुठून कळलं असं नको."

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घोरतेस का?"

"नाही."

"मग ती बादली घे आधी. नळ जाईल आता."

मैत्रीण चपला काढून आत गेली. मी तिची पिशवी धरून बाहेर उभी राहिले, तर आतून म्हातारीचा आवाज आला, "अगं, ती दुसरी कोण? तिला पण हंडा दे."