मामांनी राखलेले विरजण

जगातल्या यच्चयावत माणसांकडे त्यांच्या सांडपाण्याच्या बाजूने पाहणारे एकच गृहस्थ असतील, तर ते माझे मामेसासरे. घर भोसरीच्या मूळ गावकऱ्यांचे. भाऊबंदांनी जमिनी विकून गाळे बांधले, गाड्या घेतल्या. आमचे मामा मात्र जवळच्या लष्करी तळावर, मैलापाणी शुद्ध करायच्या प्लांटवर, ऑपरेटर म्हणून आयुष्यभर रमले. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा सगळे माझ्या नोकरीची चौकशी करत होते आणि मामा मोरीपाशी उभे राहून माझे हात धुणे पाहत होते. "साबण बेतानं वापरता, पाव्हणं. चांगलं हाय. लई साबणानं आमच्या टाकीला फेस येतो." माझे लग्न या एका शिफारशीवर जमले, असे बायको अजून सांगते.

मामांच्या पुढ्यात आमटीची वाटी आली की ती ढवळायची सोय नव्हती. प्लांटवर टाकीतले पाणी काचेच्या उभ्या भांड्यात घ्यायचे, अर्धा तास हलवायचे नाही आणि तळाला गाळ किती बसतो ते बघायचे, हा त्यांचा रोजचा रिवाज. तोच घरी वरणाला, आमटीला, ताकालासुद्धा लागू. "तीस टक्के बसलीय. तब्येत बरी हाय," असा निकाल लागेतो आमटी गार. मामी करवादायच्या, "आवो, आमटी हाय ती, तुमचा गाळ न्हाई!" पण गाळ म्हटल्याचा मामांना राग येई. त्यांच्या मते ते विरजण होते. टाकीतल्या त्या तपकिरी रबडीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात, तेच सगळी घाण खाऊन पाणी नितळ करतात. पंप आणि टाकीत हवा सोडणारे ब्लोअर नुसते त्यांच्या दिमतीला. तळावरच्या माणसांनी काय खाल्ले, कुठली तुकडी सुट्टीवर गेली, कुणाकडे बारसे झाले, हे मामांना त्या टाकीच्या काठावर उभे राहून कळायचे. एकदा त्यांनी चहाच्या टपरीवर सहज सांगितले, "उद्या मोठा सायेब येतुया." साहेब खरेच आले, आणि ही गुप्त बातमी फुटली कशी म्हणून मामांना दोन तास बसवून विचारपूस झाली. मामा शांतपणे म्हणाले, "साऱ्या बराकींतनं फिनेल आलंय खाली. माझी पोरं आजारी पडल्यात." ते ऐकून चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला म्हणतात.

या पोरांचा दानधर्मही ते करत. चाकणच्या एका कारखान्यात नवा प्लांट काही केल्या धरेना, टाकीत जिवाणू वाढतच नव्हते. तिथले ऑपरेटर शब्बीरभाई रडकुंडीला आले होते. मामी जशी गल्लीतल्या बायकांना वाटीत विरजण द्यायच्या, तसे मामांनी वरिष्ठांची परवानगी काढून टँकरभर गाळ चाकणला धाडला. तेव्हापासून दर ईदला शब्बीरभाईंच्या घरचा शीरखुर्मा भोसरीला यायचा, आणि मामा तोही ढवळायचे नाहीत.

मग तळाने मैलापाण्याचे सगळे काम एका खाजगी कंपनीला द्यायचे ठरवले, आणि नेमके त्याच महिन्यात मामा निवृत्त व्हायचे होते. मामांनी आदळआपट केली नाही. "चालवू द्या की. पानी साफ ऱ्हायल्याशी मतलब," एवढेच म्हणाले. लष्करात चार्ज द्यायचा म्हणजे खराट्यापासून पंपापर्यंत सगळे यादीत लागते. चार्ज घ्यायला आलेल्या कंपनीच्या मॅडम वाकडच्या, हुशार, मनाने सरळ. मात्र आजवर त्यांनी काम केले ते पिण्याच्या पाण्याचे. मामांनी हट्ट धरला की यादीत पहिले नाव विरजणाचे घाला. "मॅडम, मशिनी दुरुस्त व्हत्यात. ही जित्राबं हायती, मेली तर मेली." मॅडम हसल्या. यादीत जित्राबांचा रकाना नव्हता. मामांनी सही केली, गेटवर आपला पास जमा केला आणि घरी आले.

आठवड्याने साहेबांच्या हस्ते कंपनीच्या कामाचे उद्घाटन ठरले. साहेब येणार म्हणजे सगळे चकाचक हवे, हा तळाचा शिरस्ता. आणि टाकी म्हणजे रिकामी करून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुवायची, ही मॅडमची जुनी सवय. दोन्ही शिस्ती एकत्र आल्या आणि मामांची पोरं एका दुपारीत वाहून गेली. टाकी कधी नव्हे इतकी पांढरी झाली, साहेबांनी शाबासकी दिली. चौथ्या दिवशी वारा भोसरीकडे फिरला आणि कुजका वास घेऊन आला. मामा गच्चीवर पापड राखत बसले होते, ते तडक खाली आले. "मारली," म्हणाले. "ते पानी वढ्यानं इंद्रायणीला जातंया. खाली आळंदीला मानसं हात जोडून उतरत्यात त्यात. इतकी वर्सं म्या एक दिस घाण सोडली न्हाई, पाव्हणं." इतकी वर्षे हसवणाऱ्या या माणसाकडे मला त्या वेळी बघवेना.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. आवाज रडवेला. "काका, टाकी धरतच नाहीये. आम्ही काय करू?" मामांनी टोचून बोलायची संधी घेतली नाही. म्हणाले, "टँकर धाडा चाकणला. मी हुबा ऱ्हातो तिथं." दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना दुचाकीवरून चाकणला नेले. शब्बीरभाईंनी नळी जोडता जोडता म्हटले, "मामा, माझं काय आहे यात? तुमचीच अमानत. घेऊन जा." मामांनी चिमूटभर गाळ बोटांवर चोळला, हुंगला. ओल्या मातीचा वास होता. त्यांचे डोळे भरून आले.

तळाच्या गेटवर टँकरचे कागद तयार होते, चालकाचेही होते. मामांचे नव्हते. मॅडमनी खूप विनवले, पण पहाऱ्यावरचा जवान नवा. पासाशिवाय कुणी आत नाही. "बरोबर हाय त्याचं," मामा म्हणाले आणि रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली जाऊन बसले. तिथून फोनवर दिवसभर सांगत राहिले: दमानं सोडा, हवा चालू ठेवा, आज बराकींस्नी फिनेल बंद म्हनून सांगा. अशा तीन खेपा झाल्या, तिन्ही खेपांना मामा झाडाखालीच.

पुढे महिनाभर रोज सकाळी मॅडम त्या काचेच्या भांड्याचा फोटो पाठवायच्या. मामा चष्मा लावून निकाल द्यायचे: दहा टक्के, पंधरा, वीस. ज्या दिवशी तीस झाले, त्या दिवशी मामींनी शिरा केला. नंतर फोटो कमी झाले, मग थांबले. "आता तिचं तिला दिसतंया," मामा म्हणाले.

परवा गेलो तेव्हा ते गच्चीवर तळाकडे तोंड करून उभे होते. वारा तिकडूनच येत होता. मी विचारले, "मामा, काय म्हणतेय टाकी?"

त्यांनी लांब श्वास घेतला, आणखी एकदा घेतला.

"कायबी वास न्हाई, पाव्हणं," ते म्हणाले. "जरासुदीक न्हाई."

मला त्यांची फार माया वाटली. खालून मामींनी जेवायला हाक मारली, तरी ते बराच वेळ तिकडेच बघत उभे राहिले.