पांगळ्याचे चार मित्र

परवा कर्जतच्या बाजारात घोंगडीचा उग्र वास आला आणि मी तरुणपणीच्या त्या सकाळी जाऊन पोचलो. तापाने माझे पाय लुळे पडले होते. चार मित्र मला बांबूला बांधलेल्या घोंगडीच्या झोळीतून आमच्या कोंडाणे गावाहून मिशनच्या दवाखान्यात नेत होते आणि मी वाटभर शिव्या घालत होतो.

"ठेवा रं खाली! मी काय आता उठत नाय."

"शिव्या द्यायला जोर हाय ना?" चौघांतला दामू म्हणाला. "मग पायातबी येईल."

दवाखान्यात सुया उकळेपर्यंत सिस्टरबाईंनी येशूची गोष्ट सांगितली. येशू होता त्या घराच्या दारात गर्दी होती म्हणून चौघांनी छप्पर उघडून पांगळ्या मित्राला त्याच्यापुढे खाली सोडलं, येशूने त्याला बरं केलं आणि तो चालत घरी गेला.

"बाई, ती कौलं मागनं कुणी बसवली?" दामूने विचारलं. सिस्टरबाई पोट धरून हसल्या. मीही हसलो.

महिन्याभरात मी चालू लागलो. पुढे ख्रिस्ती झालो आणि माझ्या श्रद्धेने मला बरं केलं, असं प्रार्थनासभांतून वर्षानुवर्षं सांगत राहिलो. ते खरं नव्हतं. त्या गोष्टीतही येशूला दिसला तो पांगळ्याला उचलून आणणाऱ्यांचा विश्वास. माझे चौघे ख्रिस्ती नव्हते. पण त्या सकाळी सिस्टरबाईंनी झोळीचा बांबू कुठे आहे असं विचारलं, तेव्हा दामू सहज म्हणाला, "समोरच्या म्हातारीला दिला कुंपणाला. परत जाताना कशाला लागतोय?"